इन्सुलिनला न जुमानणारं शरीर

११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. औषध अजून नीट शुद्ध झालेलं नव्हतं, त्याचा फारसा गुण आला नाही. जेम्स कॉलिप यांनी ते अधिक शुद्ध करून दिलं, तेव्हा बारा दिवसांनी दुसऱ्यांदा प्रयत्न झाला आणि मुलाच्या रक्तातली साखर खाली आली. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत जगभरच्या डॉक्टरांची एक समजूत पक्की झाली. मधुमेह म्हणजे शरीरात इन्सुलिन कमी पडणं. बाहेरून इन्सुलिन दिलं की झालं.

ही समजूत अर्धीच खरी होती. उरलेला अर्धा भाग उलगडायला पुढची कित्येक दशकं गेली, आणि त्या शोधाच्या वाटेवर पुन्हा पुन्हा एकच पदार्थ आडवा येत राहिला: आपल्या जेवणातली चरबी. तूप, लोणी, तेल.

इन्सुलिन येण्याआधी मधुमेह्यांचं खाणं फार विचित्र असे. साखर आणि पिठूळ पदार्थ बाधतात म्हटल्यावर ते बंद व्हायचे. न्यूयॉर्कच्या फ्रेडरिक ॲलन यांनी तर रुग्णांना जवळजवळ उपाशी ठेवण्याची पद्धत रूढ केली. मिशिगनमधल्या न्यूबर्ग आणि मार्श या डॉक्टरांनी उपासमारीऐवजी लोणी-सायीचा मार्ग धरला. बहुतेक सगळे उष्मांक चरबीतून द्यायचे, भाकरी-बटाटा जेमतेम. इन्सुलिन हाती आल्यावरही बऱ्याच दवाखान्यांतून हेच पथ्य चालू राहिलं. चरबीनं रक्तातली साखर वाढत नाही, मग ती खायला हरकत काय, असा साधा हिशेब होता.

त्या हिशेबाला पहिला धक्का डॅलसमध्ये बसला. १९२७ साली स्वीनी या डॉक्टरांनी वैद्यकीय महाविद्यालयातल्या धडधाकट विद्यार्थ्यांचे गट पाडले. दोन दिवस एका गटाला मुख्यतः पिष्टमय पदार्थ, दुसऱ्याला प्रथिनं, तिसऱ्याला चरबी, आणि चौथ्याला काहीच नाही. चरबीच्या गटाचं जेवण ऑलिव्ह तेल, लोणी, अंड्याच्या बलकाचं मेयोनीज आणि साय एवढंच होतं. मग सगळ्यांना ग्लुकोज पाजून रक्त तपासलं. पिष्टमय पदार्थ खाल्लेल्यांनी ते ग्लुकोज सहज पचवलं. चरबी खाल्लेल्यांच्या आणि उपाशी राहिलेल्यांच्या रक्तात मात्र साखर मधुमेह्यासारखी चढली. निरोगी पोरं, आणि केवळ दोन दिवसांचं खाणं! या प्रयोगाचा धडा आजही आपल्या नकळत पाळला जातो. ग्लुकोज टॉलरन्स टेस्टच्या आधी तीन दिवस नेहमीसारखं, रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं असलेलं जेवण घ्या, असं सांगतात. ते पाळलं नाही तर धडधाकट माणूसही मधुमेही ठरू शकतो.

स्वीनींच्या निरीक्षणाचा खरा पाठपुरावा केला तो लंडनच्या हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी. हा यॉर्कशायरचा माणूस. सोळाव्या वर्षी शाळा सोडून गिरणीत कामाला लागलेला, आणि तिथून धडपडून युनिव्हर्सिटी कॉलेजपर्यंत पोचलेला. एकच प्रश्न वर्षानुवर्षं न सोडण्याची त्यांची चिकाटी त्यांच्या लेखनात जागोजागी दिसते. युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधल्या रुग्णांकडे बघताना त्यांच्या लक्षात आलं, की इन्सुलिनच्या त्याच मात्रेनं एकाची साखर झरझर उतरते आणि दुसऱ्याची ढिम्म हलत नाही. कमतरता हाच रोग असेल, तर हा फरक कुठून आला?

त्यांनी काढलेली चाचणी इतकी सरळ होती की वाचताना आश्चर्य वाटतं. रुग्णाच्या शरीराच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ काढायचं. दर चौरस मीटरला ५ युनिट या हिशेबानं इन्सुलिन शिरेतून द्यायचं, आणि त्याच वेळी चौरस मीटरला ३० ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला द्यायचं. मग थोड्या थोड्या वेळानं रक्त घेऊन साखर मोजायची. काहींच्या बाबतीत टोचलेलं इन्सुलिन प्यायलेल्या ग्लुकोजला तिथल्या तिथे आवर घाले, रक्तातली साखर वाढतच नसे. काहींच्या रक्तात मात्र ती अशी चढे, की जणू इन्सुलिन दिलंच नाही. पहिल्या गटात बहुतेक तरुण, सडपातळ, आजार एकाएकी सुरू झालेले. दुसऱ्या गटात वयानं मोठे, अंगानं भरलेले, रक्तदाब असलेले. १९३६ साली ‘लॅन्सेट’मध्ये हिम्सवर्थ यांनी लिहून टाकलं की मधुमेह दोन जातींचा आहे, एक इन्सुलिनला दाद देणारा आणि दुसरा न देणारा. आज आपण टाइप १ आणि टाइप २ म्हणतो, त्या विभागणीचं मूळ इथे आहे.

त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी निरोगी माणसांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. उष्मांक तेवढेच ठेवून जेवणातली चरबी वाढवायची, पिष्टमय पदार्थ कमी करायचे, आणि दर वेळी चाचणी घ्यायची. चरबी वाढत गेली तसतसा शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावत गेला. पिष्टमय पदार्थ वाढवले की तो सुधारला. म्हणजे मधुमेह्यांना जे पथ्य म्हणून दिलं जात होतं, तेच शरीराला इन्सुलिनकडे दुर्लक्ष करायला शिकवत होतं.

असं का होतं, याचं त्यांनी दिलेलं उत्तर चुकलं. इन्सुलिनला कामाला लावणारा ‘इन्सुलिन कायनेज’ नावाचा कुठलासा पदार्थ शरीरात असावा, अशी त्यांची कल्पना होती. तो कधी सापडला नाही. दुसरीकडे त्यांनी देशोदेशीचे आकडे गोळा केले आणि जिथे चरबी जास्त खाल्ली जाते तिथे मधुमेहानं होणारे मृत्यू जास्त, युद्धकाळात लोणी दुर्मीळ झालं की मृत्यू कमी, असं मांडलं. हा पुरावा मला तितका भक्कम वाटत नाही. रेशनिंगच्या काळात लोण्याबरोबर साखरही कमी होते, एकूण खाणंच कमी होतं. दोष कुणाच्या माथी मारायचा? पण चाचणी आणि तिचे निकाल यांचं वजन मात्र त्यामुळे कमी होत नाही.

तरी वीस-पंचवीस वर्षं या कामाकडे कुणी फारसं वळून पाहिलं नाही. रक्तातलं इन्सुलिन मोजायची सोयच नव्हती, त्यामुळे वाद मिटणार कसा? १९६० च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझालिन यॅलो आणि सोलोमन बर्सन यांनी ती सोय केली. किरणोत्सारी आयोडीन वापरून त्यांनी इन्सुलिन मोजलं, आणि प्रौढ वयात मधुमेह झालेल्यांच्या रक्तात ते कमी नव्हे तर पुष्कळदा निरोगी माणसांपेक्षा जास्त निघालं. स्वादुपिंड बिचारं राबत होतं. शरीर ऐकत नव्हतं. हिम्सवर्थ बरोबर होते.

आता चरबीचा यात हात कसा, हे कळायला हवं होतं. केंब्रिजच्या जीवरसायन विभागात फिलिप रँडल हा तरुण संशोधक उंदरांच्या हृदयावर प्रयोग करत होता. शरीरातून काढलेलं हृदय ग्लुकोज आणि क्षार असलेल्या द्रवावर काही काळ धडधडत राहतं. त्या द्रवात इन्सुलिन घातलं की हृदयाचा स्नायू ग्लुकोज भराभर ओढून घेतो. पण सोबत चरबीतली मेदाम्लं सोडली की ओढणं मंदावतं. रँडल यांनी पीटर गारलँड, निक हेल्स आणि एरिक न्यूजहोम या सहकाऱ्यांबरोबर याची पायरी न् पायरी तपासली. मेदाम्लं जळताना जी रसायनं साठतात, ती ग्लुकोजच्या विघटनाचे टप्पे एकामागून एक अडवतात. चुलीत लाकडं ठासून भरली की गोवऱ्यांना जागा उरत नाही, तसंच काहीसं. १९६३ साली हा सिद्धांत ‘लॅन्सेट’मध्ये आला.

रात्रभर आपण उपाशी असतो तेव्हा ही अडवणूक आपल्या भल्यासाठीच असते. स्नायू चरबीवर भागवतात आणि मोजकं ग्लुकोज मेंदूसाठी शिल्लक राहतं. स्वीनींचा उपाशी गट आणि चरबीचा गट सारखेच का वागले, याचं उत्तर इथे मिळतं. बिघाड होतो तो जेवल्यानंतरही रक्तात मेदाम्लांचा ओघ थांबत नाही तेव्हा. मग ग्लुकोज बाहेरच तुंबतं आणि स्वादुपिंड इन्सुलिन वाढवत बसतं.

रँडल यांचं म्हणणं तीस वर्षं पाठ्यपुस्तकांत राहिलं. १९९६ साली येल विद्यापीठातल्या जेराल्ड शुलमन यांच्या गटानं त्यात मोठी दुरुस्ती केली. निरोगी माणसांच्या शिरेतून त्यांनी चरबी सोडली आणि चुंबकीय तंत्रानं स्नायूच्या पेशीत काय चाललंय ते जिवंतपणी पाहिलं. तीन-साडेतीन तासांनी स्नायूंचं ग्लुकोज घेणं घटलं. रँडल यांच्या सिद्धांताप्रमाणे अडलेली साखर पेशीच्या आत साचायला हवी होती. ती उलट कमी झाली. म्हणजे अडथळा दारातच होता. पुढे कळलं की पेशीत चरबीचे काही अर्धवट तुकडे, डायअसिलग्लिसरॉल आणि सेरामाइड, साठले की इन्सुलिनचा निरोप आत पोचतच नाही.

आणि इथेच कुठली चरबी हा प्रश्न उभा राहिला. पामतेलात आणि लोण्या-तुपात भरपूर असलेलं पामिटिक आम्ल संपृक्त असतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्नायुपेशींना ते दिलं की हे घातक तुकडे वाढतात. शेंगदाणा किंवा ऑलिव्ह तेलातलं ओलेइक आम्ल दिलं तर त्याचे निरुपद्रवी थेंब बनून बाजूला साठतात. दोन्ही चरबीच, उष्मांकही सारखेच.

काचेच्या बशीतलं माणसाच्या शरीरात खरं ठरतंच असं नाही. माणसांना जे सांगितलं गेलं, ते मात्र बराच काळ ढोबळच होतं: चरबी कमी करा. १९८० च्या आसपास अमेरिकेच्या सरकारी आहारसल्ल्याचा तोच सूर होता. हृदयविकाराची भीती त्यामागे होती. स्टॅनफर्डचे जेराल्ड रीव्हन मात्र सांगत होते की इन्सुलिनला न जुमानणाऱ्या माणसाला लोण्याऐवजी पाव-बटाटा खाऊ घातला तर त्याच्या रक्तातलं इन्सुलिन आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही चढतात. १९८८ साली बँटिंग व्याख्यानात त्यांनी इन्सुलिनचा हा असहकार, रक्तदाब आणि हृदयविकार यांना एका सूत्रात ओवलं. त्याच वर्षी डॅलसच्या अभिमन्यू गर्ग यांनी, ज्या गावात स्वीनींचे विद्यार्थी सायीवर राहिले होते त्याच गावात, इन्सुलिन घेणाऱ्या दहा मधुमेह्यांना आळीपाळीनं दोन जेवणं दिली. एकात साठ टक्के उष्मांक कर्बोदकांचे. दुसऱ्यात निम्मे उष्मांक चरबीचे, पण ती बहुतेक ओलेइक जातीची. चरबीच्या जेवणावर साखर कमी राहिली आणि इन्सुलिनही कमी लागलं. हिम्सवर्थच्या निष्कर्षाच्या हे नेमकं उलट होतं. दोघंही खरे होते. हिम्सवर्थ निरोगी माणसांत निव्वळ प्रमाण बदलत होते, गर्ग रुग्णांत चरबीची जात निवडून देत होते.

सोक्षमोक्ष लावणारा मानवी प्रयोग पाच देशांत मिळून झाला. फिनलंडचं कुओपिओ, डेन्मार्कचं आरहुस, इटलीचं नेपल्स, ऑस्ट्रेलियाचं वोलाँगाँग आणि स्वीडनचं उप्साला. या गावांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘कानवू’ हे नाव पडलं. उप्सालाचे बेंग्ट वेस्बी त्याचे प्रमुख. १६२ निरोगी माणसं, तीन महिने. जेवणातली एकूण चरबी सारखी, पण एका गटाची मुख्यतः लोण्यासारखी संपृक्त, दुसऱ्याची ओलेइक आम्लाची. २००१ साली निकाल आला: संपृक्त गटाची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता दहा टक्क्यांनी घटली, दुसऱ्या गटाची जिथल्या तिथे राहिली. मात्र या निकालाला एक पुस्ती होती, आणि माझ्या मते तीच जास्त मोलाची आहे. ज्यांच्या एकूण उष्मांकांतले ३७ टक्क्यांहून जास्त चरबीतून येत होते, त्यांच्यात हा फरक दिसलाच नाही. चरबीची जात चांगली, पण मापच सुटलं, तर जातीचा फायदा हाती लागत नाही.

याच प्रयोगात माशाच्या तेलाच्या गोळ्याही देऊन पाहिल्या. १९८७ साली सिडनीच्या लेन स्टॉर्लीन यांनी करडईच्या तेलावर पोसलेले उंदीर इन्सुलिनला बधिर होतात, पण त्यातल्या थोड्या तेलाच्या जागी माशाचं तेल दिलं तर होत नाहीत, असं दाखवलं होतं, त्यामुळे अपेक्षा मोठी होती. माणसांत काही फरक पडला नाही. उंदरांचे प्रयोग वाचताना हे ध्यानात ठेवावं.

२०१४ मध्ये उप्सालामधूनच आलेला मफिनचा प्रयोग तर मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो. ३९ तरुण, बांध्यानं नेटके. सात आठवडे त्यांना नेहमीच्या जेवणावर जादा मफिन खायचे होते. निम्म्यांच्या मफिनमध्ये पामतेल, निम्म्यांच्या मफिनमध्ये सूर्यफुलाचं तेल. बाकी सगळं तेच. दोन्ही गटांचं वजन सारखंच वाढलं, सुमारे १.६ किलो. पण पामतेलवाल्यांच्या यकृतात आणि पोटाच्या आत चरबी जास्त साठली, तर सूर्यफूलवाल्यांच्या वाढीत स्नायूंचा वाटा अधिक होता. वजनकाट्याला हा फरक दिसला नसता.

काट्याला जे दिसत नाही, ते पुण्याच्या केईएम रुग्णालयात त्याआधीच दिसलं होतं. रँडल यांचे १९६३ चे सहकारी निक हेल्स यांनी १९९२ साली डेव्हिड बार्कर यांच्याबरोबर एक नवी कल्पना मांडली होती, की पोटात असताना बाळाला पोषण कमी पडलं तर त्याचं शरीर काटकसरीनं घडतं आणि पुढे मधुमेहाकडे झुकतं. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बार्कर यांच्या साउदॅम्प्टनच्या केंद्रातल्या कॅरोलिन फॉल यांच्यासोबत १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. या बायांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास, शेतातली कामं सुटलेली नाहीत. बाळ जन्मलं की त्याचा दंड, पोट, डोकं मोजायचं, आणि पाठीवर खांद्याच्या हाडाखालची कातडी चिमटीत धरून कॅलिपरनं तिची जाडी पाहायची. साउदॅम्प्टनचं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, इथलं २.७ किलोचं. पोटाचा घेर आणि दंड त्या मानानं फारच बारीक. पाठीवरची चरबी मात्र जवळजवळ टिकून होती. लंडनच्या बाळांशी तुलना केली तेव्हा पुण्याच्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिनही जास्त मिळालं. अजून दूधही न प्यायलेल्या बाळाचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नव्हतं, अशी ही खूण होती.

२००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र छापून आलं. त्यात याज्ञिक आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३. शरीरातल्या चरबीचं प्रमाण युडकिन यांचं ९.१ टक्के, याज्ञिक यांचं २१.२ टक्के. हिम्सवर्थ यांच्याच संस्थेतला डॉक्टर आणि पुण्याचा डॉक्टर, सारखेच सडपातळ दिसणारे.

या अभ्यासातली आणखी एक नोंद फारशी कुणाच्या ओठावर नसते, पण तिच्याशिवाय ही हकीकत एकांगी होईल. सहा खेड्यांतल्या त्या बायांपैकी ज्यांच्या जेवणात गरोदरपणाच्या अठराव्या आठवड्यात थोडी जास्त चरबी होती, त्यांची बाळं अधिक लांब आणि वजनदार निघाली. दूध, पालेभाज्या, फळं खाणाऱ्यांचीही तशीच. ज्या घरात तेलाची बाटली पुरवून पुरवून वापरतात तिथे चरबी हे पोषण आहे. चरबीला सरसकट खलनायक ठरवणाऱ्या सल्ल्यानं या बायांचा विचार कधी केला नाही, याचा मला राग येतो.

२०१६ साली १०२ नियंत्रित आहार-प्रयोगांचे, ४,२२० माणसांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. कर्बोदकांच्या जागी संपृक्त चरबी घेऊन साखरेत सुधारणा झाली नाही. संपृक्त चरबीच्या किंवा कर्बोदकांच्या जागी सूर्यफुलासारखी बहु-असंपृक्त तेलं घेतली तेव्हा मात्र इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारला. त्याआधी ८४,२०४ अमेरिकी परिचारिकांचा चौदा वर्षांचा अभ्यासही हेच सांगत होता. एकूण चरबी किती खाल्ली याचा मधुमेहाशी संबंध लागला नाही. वनस्पती तुपासारख्या ट्रान्स चरबीनं धोका वाढला, बहु-असंपृक्त तेलांनी घटला. मुंबईत शिवडीच्या कारखान्यात १९३० च्या दशकापासून डालडा बनत आला होता, तो किती मराठी घरांत गेला हे वेगळं सांगायला नको. भारतात अन्नपदार्थांतल्या ट्रान्स चरबीवर दोन टक्क्यांची मर्यादा यायला २०२२ साल उजाडलं.

महाराष्ट्राच्या घरांत शेंगदाणा आणि करडई ही दोन तेलं पिढ्यान् पिढ्या होती, आणि माणसांवरच्या या पुराव्यात ती दोन्ही बरी ठरतात. आज आपल्या पोटात जास्त जातं ते आयात पामतेल, आणि ते स्वयंपाकघरातून कमी, खारी, फरसाण आणि बिस्किटांच्या पुड्यांतून जास्त. या पुड्यांच्या मागे पोषणाचा तक्ता छापलेला असतो. त्यात एकूण चरबीखाली संपृक्त चरबीचा आकडा असतो. विकत घेण्याआधी तो वाचा. आणि वजन बेताचं आहे म्हणून निर्धास्त न राहता कंबर टेपनं मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या, बाईची ८० सेंटिमीटरच्या वर गेली असेल, तर साखर तपासून घ्या.